केर्नगॉर्ममधला विंटर स्किल्स कोर्स: एका मोसमाच्या वापरानंतर

जानेवारीत स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म डोंगरांत दोन दिवसांचा विंटर स्किल्स कोर्स केला. कोर्सहून परतल्या परतल्या सगळंच भारी वाटत असतं, म्हणून तेव्हा लिहायचं टाळलं. एप्रिलच्या मध्यापर्यंत नऊ वेळा बर्फात गेलो, त्यातल्या दोनदा अर्ध्यातून माघारी फिरलो. आता नक्की सांगता येईल की शिकवलेल्यातलं काय कामी आलं.

मी मूळचा पुण्याचा, पंधरा वर्षं सह्याद्रीत भटकलेला, सध्या मुक्काम एडिनबरा. केर्नगॉर्मचं शिखर 1245 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा चारशे मीटरनी कमी. त्यावरून अंदाज बांधू नका. याच माथ्यावर मार्च 1986 मध्ये ताशी 173 मैल, म्हणजे सुमारे 278 किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला आहे.

कोर्स झाला 'कोरी अन् ट्रेख्ता' या द्रोणासारख्या खोलगट भागात. मागे अर्धगोलाकार कडा, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याची धाकटी बहीण म्हणावी असा. पहिला अर्धा दिवस फक्त पावलांवर गेला, आणि आज मागे वळून पाहताना ही सगळ्यात मोलाची शिकवण वाटते. घसाऱ्यावर उतरताना आपण पाऊल आडवं करतो, कडेवर भार देतो, अगदीच झालं तर बसून घसरत खाली येतो. इथे या तिन्ही सवयी मोडाव्या लागल्या. क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे पोलादी काटे, घातले की तळपाय उताराला सपाट लागला पाहिजे, खालची दहाही टोकं एकदम रुतली पाहिजेत. पावलं जरा फाकवून टाकायची, नाहीतर एका पायाचं टोक दुसऱ्या पायाच्या गेटरमध्ये (पोटरीवरच्या कापडी आवरणात) अडकतं आणि माणूस तोंडघशी पडतो. आणि क्रॅम्पॉन घालून बसून घसरायचं नाही, कधीच नाही. टोक बर्फात अडकलं की घोटा गेलाच. माझी आडव्या पावलाची सवय जायला फेब्रुवारी उजाडला.

दुपारी आइस ॲक्सने, म्हणजे बर्फातल्या कुऱ्हाडीने, घसरणं थांबवायचा सराव. ॲक्सचं डोकं खांद्याजवळ, दांडा छातीवर तिरका, सगळं वजन त्यावर, गुडघे बर्फावर आणि पाय वर उचललेले. पालथं, उताणं, डोकं खाली करून, सगळ्या तऱ्हांनी घसरून झालं. मोसमभरात याची गरज एकदाही पडली नाही, आणि तसंच व्हायला हवं. प्रशिक्षक बजावून सांगत होते की कडक बर्फावर पहिल्या दोन सेकंदांत थांबला नाहीत तर वेग आवरत नाही, म्हणून मुळात पडायचंच नाही.

खरी कसोटी लागली फेब्रुवारीत. मी आणि माझा नाशिकचा मित्र केर्नगॉर्मच्या माथ्याखाली, नकाशावरच्या 1141 मीटरच्या बिंदूवर उभे होतो आणि दहा मिनिटांत सगळं पांढरं झालं. जमीन पांढरी, आभाळ पांढरं, मधली रेघच गायब. दोन्ही अंगांना कडे, कडेला वाऱ्याने बाहेर झुकवलेले बर्फाचे सज्जे. मित्र म्हणाला, "अरे, शंभर मीटर चढ राहिलाय फक्त." मी नकाशा गुडघ्यावर धरला, होकायंत्र लावलं आणि उतरायची दिशा घेतली. तो पुढे, मी मागे. तो रेषेवरून सरकला की मी ओरडायचो, "डावीकडे ये, अजून, बास." पावलं मोजत होतो. सपाटीवर शंभर मीटरला माझी 64 जोडपावलं होतात, त्या दिवशी 80 धरली. मोठा दगडांचा ढीग जिथे यायला हवा तिथेच धुक्यातून पुढे आला, तेव्हा मित्राने मागे वळून नुसता हात उंचावला. तो क्षण मी विसरणार नाही.

म्हणूनच माझी मुख्य तक्रार इथे आहे. ज्या कंपनीकडे कोर्स केला त्यांनी नेव्हिगेशन जेमतेम चाळीस मिनिटांत उरकलं. कबूल केलं होतं एका प्रशिक्षकामागे सहाजण, प्रत्यक्षात आम्ही आठ होतो. चुकीबद्दल सांगितल्यावर माफी मागितली, पण वेळ परत मिळाला नाही. प्रशिक्षकांनीच आम्हाला 1971 च्या नोव्हेंबरची हकिकत सांगितली: एडिनबराच्या एका शाळेचा गट केर्नगॉर्मच्या पठारावरच्या निवाऱ्याकडे निघाला, हिमवादळात निवारा सापडला नाही, पाच मुलं आणि एक शिकाऊ प्रशिक्षक गारठून गेले. ते ऐकवून होकायंत्राला इतका कमी वेळ द्यावा, हे मला अजूनही पटत नाही.

हिमस्खलनाचा भाग मात्र उत्तम. स्कॉटलंडमध्ये हिवाळ्यात सहा भागांसाठी रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा अंदाज येतो. कोणत्या दिशेचा, किती उंचीवरचा उतार धोक्याचा, हे रंगांच्या चक्रात दाखवलेलं असतं. नैर्ऋत्येचा वारा असेल तर बर्फ उडून ईशान्येच्या उतारांवर साचतो आणि त्याचा ठिसूळ थर बसतो. बहुतेक स्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात. मार्चमध्ये त्याच द्रोणातून वर चढणाऱ्या 'गोट ट्रॅक' या वाटेच्या पायथ्याशी माझ्या बुटापासून बर्फात हातभर लांब चीर धावत गेली. थर सुटायच्या बेतात असल्याची हीच खूण कोर्समध्ये दाखवली होती. तिथूनच वळलो.

सामानाबद्दल थोडंच. बूट भाड्याने घेऊ नका, निदान पहिल्या दिवशी तरी. माझे अर्धा नंबर मोठे निघाले आणि टाच सोलवटली. नंतर बी-टू (मध्यम कडक तळाचे) बूट आणि त्यांना जुळणारे सी-टू क्रॅम्पॉन घेतले, चालणं आणि सोपा चढ दोन्हीला पुरतात. हातमोजे तीन जोड. गॉगल घ्याच, वाऱ्यात उघडे डोळे टिकत नाहीत.

उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स आणि हा, यांत कोणता, असं दोघांनी विचारलं. तुलना होत नाही. तिथे जवळपास चार आठवडे राहून दोर, खडक, ग्लेशियर सगळं शिकता. इथे दोर हातातही घेतला नाही. ज्याला हिवाळ्यात डोंगरावर चालायचंय आणि संध्याकाळी धडधाकट घरी यायचंय, त्याच्यासाठी हा कोर्स आहे. पैसे वसूल झाले का? हो. पण त्यानंतर लगेच दोन-तीनदा सोप्या डोंगरावर गेला नाहीत तर महिन्याभरात हात-पाय विसरतात.

येत्या जानेवारीसाठी मी फक्त नेव्हिगेशनचा वेगळा दिवस नोंदवलाय, तोही चौघांच्या गटात. क्रॅम्पॉनची टोकं कानशीने घासून ठेवलीत. मशीनवर लावू नका, तापून पोलादाचं पाणी उतरतं.