एकेक व्होल्टेज की बफर भरून लहर?

गोव्यात फर्मागुडीला शिकणारा भाचा विचारत होता, "मामा, डॅक कार्ड साधं घेऊ की क्लॉकवालं?" डॅक कार्ड म्हणजे संगणकाला जोडून व्होल्टेज मोजायचं आणि सोडायचं उपकरण; क्लॉकवाल्यात व्होल्टेज कधी बदलायचं ते कार्डातलं घड्याळच ठरवतं. त्याला लोखंडी पट्टी शेकरवर, म्हणजे कंपन देणाऱ्या यंत्रावर, 50 हर्ट्झने (सेकंदाला 50 फेरे) हलवायची आहे.

साध्या कार्डात, उदाहरणार्थ नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या यूएसबी-6008मध्ये, प्रत्येक व्होल्टेज प्रोग्रॅमच पाठवतो. सेकंदाला फार तर 150 वेळा. म्हणजे 50 हर्ट्झच्या एका फेऱ्यात जेमतेम तीन बिंदू. याला साइन, म्हणजे गुळगुळीत लहर, म्हणायचं तर डोळे मिटूनच! त्यात विंडोज मध्येच दुसऱ्या कामाला लागलं की बिंदू मागेपुढे होतात. ट्रिगर, म्हणजे 'आता सुरू कर' हा बाहेरचा इशाराही प्रोग्रॅमनेच ओळखायचा, त्यामुळे काही मिलिसेकंद कधी जातील याचा नेम नाही.

यूएसबी-6211 सारख्या कार्डात 1000 बिंदूंचा एक फेरा बफरमध्ये (बिंदू आधीच साठवायच्या जागेत) भरा, क्लॉक सेकंदाला 50,000 बिंदूंवर ठेवा, टास्क (कार्डाला दिलेलं काम) सुरू करून ठेवा. ट्रिगर घेणाऱ्या पीएफआय पिनवर कड आली, म्हणजे तिथलं व्होल्टेज एकदम बदललं, की कार्ड स्वतःच लहर सोडतं. मात्र बफरमध्ये पूर्ण फेरेच हवेत, नाहीतर जोडावर दर वेळी 'टक्' आवाज येतो. टास्क थांबवल्यावर पिनवर शेवटचं व्होल्टेज राहतं, तेव्हा शून्य लिहायला विसरू नको. मी एकदा विसरलो आणि शेकरची कॉइल जेवणाच्या सुट्टीभर तापत राहिली.

मेहनत दुसऱ्यात जास्त, किंमतही बरीच जास्त. वाल्व थोडा उघडायचा, पंख्याचा वेग ठरवायचा, तर पहिलं पुरे. भाच्याला दुसरंच लागेल. विकत नको, कॉलेजच्या लॅबमधलं मागून घे म्हटलं.