टकोमाची गंजकी फ्रेम: टोयोटाच्या मोहिमांपैकी कामाची कोणती?

जुनी टोयोटा टकोमा घेताना इंजिनाच्या चौकशीत वेळ घालवू नका, ते चालतं. चौकशी करायची ती फ्रेमची. अमेरिकेत जिथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथे या पिकअपची बॉडी चकाचक आणि खालचा सांगाडा चाळणी, हा प्रकार जुनाच आहे. १९९५ ते २०१० या मॉडेलांसाठी टोयोटाने वेळोवेळी बऱ्याच मोहिमा काढल्या. लोक त्या सगळ्यांना सरसकट ‘रिकॉल’ (दोषामुळे कंपनीने गाडी परत बोलावणं) म्हणतात आणि घोळ तिथेच होतो. सुरक्षा रिकॉल वेगळा, वाढवून दिलेली वॉरंटी वेगळी, कोर्टातली तडजोड आणखी वेगळी. प्रत्येकीत मिळणारं काम निराळं आणि मुदतही निराळी.

आधी रोग समजून घ्या. फ्रेम म्हणजे दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. टकोमाच्या तुळयांचा पुढचा भाग चौकोनी पाइपासारखा बंद, मागचा पन्हळीसारखा उघडा. बंद भागात खारं पाणी आणि चिखल शिरतो, निथळायची भोकं गंजाच्या खपल्यांनीच बुजतात, आणि तुळई आतून पोखरली जाते. मजबुतीसाठी पत्र्यावर पत्रा चढवून वेल्डिंग केलेलं असतं, तिथे दोन थरांमध्ये ओल अडकते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे ते पत्रे पुरीसारखे फुगतात. मागच्या पाट्यांचं (लीफ स्प्रिंगचं) पुढचं टोक जिथे फ्रेमला बसतं, त्याच्या आसपासचा भाग सगळ्यात बदनाम. कोकणात किनाऱ्यालगतची गाडी खाऱ्या वाऱ्याने वरून सडते, मालकाला रोज दिसत राहते. ही खालून आणि आतून सडते, म्हणून गॅरेजमध्ये वर उचलेपर्यंत पत्ता लागत नाही. मूळ दोष मात्र मिठाचा नव्हे, कारखान्यातला: फ्रेमवरचा गंजरोधक थरच अपुरा होता. फ्रेम पुरवणाऱ्या डाना कंपनीने २०११ मध्ये फ्रेमच्या गंजाच्या दाव्यांपोटी टोयोटाला अडीच कोटी डॉलर दिले.

आता एकेक मोहीम.

२००८ ची पहिली योजना सगळ्यात उदार. १९९५ ते २००० च्या टकोमांना गंजाने भोक पडण्याविरुद्ध १५ वर्षांची वॉरंटी, मैलांची अट नाही. फ्रेम हाताबाहेर गेली असेल तर कंपनी ‘केली ब्लू बुक’ या जुन्या गाड्यांच्या भावपुस्तकातल्या भावाच्या दीडपट पैसे देऊन गाडीच विकत घ्यायची. सडलेल्या गाडीला बाजारभावापेक्षा जास्त रक्कम! पुढे २००१ ते २००४ च्या गाड्याही वॉरंटीत घेतल्या. आज या दोन्हींची मुदत संपलेली आहे.

२००९ चा टुंड्राचा, म्हणजे टोयोटाच्याच मोठ्या पिकअपचा, रिकॉल मात्र खरा सुरक्षा रिकॉल होता: २००० ते २००३ च्या सुमारे १,१०,००० गाड्या, थंडीची २० राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी. मागचा आडवा दांडा गंजला की त्याला टांगलेली स्टेपनी रस्त्यावर पडायची आणि मागून येणाऱ्याच्या अंगावर जायची. त्याच जागी मागच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह आणि पाइप आहेत, म्हणजे मागचे ब्रेक जाण्याचाही धोका. उपाय सरळ: दांडा बरा असेल तर गंजरोधक फवारा, नसेल तर नवा दांडा. काम नेमकं आणि पूर्ण. २०१२ मध्ये २००१ ते २००४ च्या सुमारे दीड लाख टकोमांचा रिकॉल निघाला, तोही स्टेपनीच्या पकडीचाच.

२०१४ मध्ये पाट्यांची पाळी आली. २००५ ते २०११ च्या सुमारे ६,९०,००० टकोमा, फोर बाय फोर आणि प्रीरनर (उंच बांध्याची टू-व्हील-ड्राइव्ह टकोमा). ताण आणि गंज मिळून पाट्याचं पान तुटतं, जागेवरून सरकतं आणि पेट्रोलच्या टाकीला भोक पाडू शकतं. तुमच्या गाडीचं हे काम झालेलं नसेल तर आजच डीलरला फोन करा. सुरक्षा रिकॉलला सहसा शेवटची तारीख नसते आणि मालक बदलला तरी हक्क गाडीबरोबर जातो.

सगळ्यात मोठी मोहीम २०१६ च्या, मालकांच्या दाव्यातल्या कोर्टातल्या तडजोडीची. २००५ ते २०१० टकोमा, २००७-०८ टुंड्रा आणि २००५ ते २००८ सिक्वोया एसयूव्ही, मिळून सुमारे १५ लाख गाड्या आणि जास्तीत जास्त ३४० कोटी डॉलरचा अंदाज. एका फ्रेम बदलीची किंमत सुमारे १५,००० डॉलर धरली होती, तपासणीची ६०. मुदत पहिल्या विक्रीपासून १२ वर्षं, म्हणजे आज तीही संपलेली. निकष एकच होता: गंजाने पडलेलं १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठं भोक. इथेच आमची मुख्य तक्रार आहे. तुळई पातळ होऊन बिस्किटासारखी झाली, पण भोक आठ मिलिमीटरचं, तर फ्रेम मिळायची नाही. खपल्या न झाडता तपासणी केली तर दहाचं भोक आठचं दिसतं. त्यामुळे तपासणी करणाऱ्याच्या हातात हातोडी होती की नुसती टॉर्च, यावर पंधरा हजार डॉलर ठरायचे.

नापास न झालेल्या फ्रेमवर डीलर गंजरोधक द्रव फवारत. हे काम आमच्या मते मोहिमेतलं सगळ्यात कच्चं. फवारा चांगला लागायला फ्रेम आधी धुऊन, खपल्या काढून, पूर्ण कोरडी करावी लागते, आणि बंद भागात लांब नळी घालून आतून फवारावं लागतं. घाईत सुट्या खपल्यांवरच काळा थर बसला तर ओल आत कोंडते आणि मालक निश्चिंत होतो. ‘ट्रीटमेंट झाली’ हा कागद म्हणजे फ्रेम चांगली असल्याचा दाखला नव्हे.

फ्रेम बदली, उलट, पैसे वसूल काम. मागचा हौदा काढायचा, केबिन उचलायची, इंजिन, गिअरबॉक्स, धुरे नव्या फ्रेमवर चढवायचे. जुने बोल्ट फिरत नाहीत, गॅसने कापावे लागतात. ब्रेकचे आणि इंधनाचे पाइप, हँडब्रेकची केबल सोडवतानाच मोडतात. अशी बदली झालेली टकोमा मिळाली तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही, पण जोडणीतल्या चुका तपासा: केबिन आणि हौदा यांच्यामधली फट दोन्हीकडे सारखी आहे का, अर्थिंगच्या पट्ट्या परत लावल्यात का, ब्रेकमधली हवा नीट काढली आहे का, व्हील अलाइनमेंटची पावती आहे का. नंतर बसवलेला टोइंगचा हुक बऱ्याचदा दोन-तीन बोल्ट कमी लावूनच परत येतो.

विकत घेण्यापूर्वीची तपासणी वीस मिनिटांची आहे. चालकाच्या बाजूला काचेखाली असलेला १७ अक्षर-अंकांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) एनएचटीएसए या अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा यंत्रणेच्या संकेतस्थळावर टाका. तिथे फक्त राहिलेले सुरक्षा रिकॉल दिसतात. फ्रेमच्या तडजोडीचं काम झालं की नाही ते दिसत नाही, त्यासाठी तोच नंबर टोयोटा डीलरच्या सर्व्हिस विभागाला द्या. नोंदणीचा इतिहासही काढा. टेक्सासमध्ये विकायला असलेली गाडी आधी दहा हिवाळे ओहायोत काढून आलेली असू शकते. न्यू जर्सी आणि मिशिगन ही दोन्ही टुंड्राच्या रिकॉलमधल्या त्या वीस राज्यांत आहेत, तिथल्या मराठी मंडळींनी तर गाडीखाली शिरल्याशिवाय सौदा करूच नये.

शिरताना जॅक सडक्या फ्रेमला लावू नका, स्टँड धुऱ्याखाली. मग छोट्या हातोडीने दोन्ही तुळया पुढून मागे वाजवत जा, बाजारात मडकं वाजवून घेतात तसं. निरोगी लोखंड टणटणतं. बद्द आवाज आला की थांबा, तिथे स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. तो आत गेला तर बोलणी तिथेच संपली. ताजं, काळं कुळकुळीत अंडरकोटिंग दिसलं तर संशय दुप्पट करा. फ्रेमला वेल्डिंग मारून ठिगळ लावलेलं असेल तर तेही नकोच. पातळ झालेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही.

सगळ्या कंपन्यांनी इतकं केलं असंही नाही. फोर्डने २०११ मध्ये एफ-१५० पिकअप आणि तिच्या भावंडांच्या सुमारे ११ लाख गाड्या पेट्रोल टाकीचे पट्टे गंजतात म्हणून परत बोलावल्या. पण १९९९ ते २००३ च्या जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) सुमारे ५० लाख पिकअप आणि एसयूव्हींच्या गंजक्या ब्रेक पाइपांची चौकशी एनएचटीएसएने २०१५ मध्ये रिकॉलविनाच बंद केली, हा जुन्या गाड्यांचा सार्वत्रिक प्रश्न आहे असं म्हणून. तिथे पाइप मालकाने स्वखर्चाने बदलायचे.

घेतलेली गाडी टिकवायची तर दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात, मीठ पडायच्या आत, लॅनोलिनचं (मेंढीच्या लोकरीतल्या मेणाचं) तेलकट द्रव्य मारून घ्या. पूर्ण पिकअपला साधारण एक गॅलन लागतं. तुळयांच्या आतून चौफेर फवारणारी नळी हवी. ब्रेकच्या डिस्क, सायलेन्सर आणि रबरी बुश टाळा. हिवाळ्यात खालून धुणं चालू ठेवा. एक उलटी गोष्ट: मिठाने माखलेली गाडी रोज रात्री गरम गॅरेजमध्ये लावण्यापेक्षा बाहेर थंडीत उभी केलेली बरी. ऊब मिळाली की खारं पाणी वितळतं आणि गंज जोरात चालतो.