पलंग सुटा झाला आणि भाव पडला

मोबाइलवरच्या फसवणुकीबद्दल मला सगळं कळतं, असा माझा समज होता. पैसे घेताना पिन टाकायचा नसतो, हे तर मी सोसायटीतल्या चार जणांना शिकवलंय. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाने दुसऱ्याला यूपीआयवर ‘पैसे पाठवा’ अशी मागणी धाडायची सोयच बंद झाली. ती बातमी वाचून मी हिला म्हटलंही होतं, बरं झालं, एक भानगड मिटली. पुढे महिन्याभरातच मला गंडवून गेले. त्यांनी ना पिन मागितला, ना ओटीपी, ना कुठली लिंक पाठवली. त्यांनी फक्त घासाघीस केली.

मुलगा पुण्यात आहे, नात झाली, तेव्हा आम्ही दोघांनी इंदूर सोडायचं ठरवलं. राजेंद्र नगरातलं घर रिकामं करायचं होतं. मोठा सागवानी पलंग, सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल, फ्रिज आणि लोखंडी कपाट यांचे फोटो काढून जुन्या सामानाच्या साइटवर टाकले. सगळ्याचे मिळून ५८,००० लावले. त्या जाहिरातीत मी एक ओळ लिहिली, ‘शिफ्टिंगमुळे विकणे आहे, १५ तारखेच्या आत.’ ती ओळ म्हणजे समोरच्याच्या हातात आयतंच दिलेलं कोलीत होतं. ज्याला कधीपर्यंत विकायचंय हे कळलं, त्याला भाव कधी पाडायचा हेही कळलं.

तीस-चाळीस फोन आले. ‘लास्ट कितना?’ याच्या पुढे बहुतेकांचं घोडं जात नव्हतं. एकाने तर पलंगाचे १,५०० सांगून वर ‘भिया, सोच लो’ म्हणून ऐकवलं. घासाघिशीचं मला वावडं नाही. शीतलामाता बाजारात हिच्याबरोबर साड्यांच्या दुकानात बसलेला माणूस आहे मी, दोन पावलं बाहेर पडल्याशिवाय खरा भाव निघत नाही हे मलाही माहीत आहे. पण चार दिवसांत जीव मेटाकुटीला आला होता. आणि मग तो फोन आला.

“नमस्कार काका, राजेंद्र नगरहून बोलताय नं? मी पण आपल्यातलाच. मामा रामबागेत असतात माझे.”

इंदुरात अनोळखी नंबरावरून मराठी ऐकू आलं की आपण लगेच विरघळतो. दुसऱ्या वाक्याला मी आडनाव विचारलं, तिसऱ्याला गाव. त्याने घरातल्या माणसासारखी चौकशी केली, काकू कशा आहेत, पुण्यात कुठे जाणार, ट्रक कधी येतोय. मी भाबडेपणाने सगळं सांगितलं, शनिवारी सकाळी सात वाजता. मग भावाची गोष्ट निघाली. मी मनात ४५,००० पर्यंत यायची तयारी ठेवली होती. तो म्हणाला, “काका, ५२ करू. घरच्यासाठीच घेतोय, बहिणीचं लग्न आहे.”

जुन्या सामानाला न बघता, न वाद घालता इतका चांगला भाव कोण देतो? हा प्रश्न मला आता पडतो. तेव्हा मी त्याला भला माणूस म्हटलं.

त्याने लगेच २,००० टोकन पाठवलं. ते खरंच आलं, बँकेच्या अ‍ॅपमध्ये दिसलं. नाव मात्र भलत्याच कुणाचं होतं. विचारलं तर म्हणाला, साल्याच्या फोनवरून केलंय, माझी लिमिट संपली. मग त्याची एकच विनंती होती, “काका, आता जाहिरात काढून टाका, नाहीतर तुम्हाला कुणी जास्त देईल आणि मी लटकेन.” मी काढून टाकली. शुक्रवारी सकाळी अकराला यायचं ठरलं. मधल्या दोन दिवसांत ज्यांचे फोन आले त्या सगळ्यांना मी स्वतः ‘बिक गया’ सांगितलं. त्यात अन्नपूर्णा रोडवरचे एक गृहस्थ होते, टेबल बघून गेलेले, नऊ हजार रोख द्यायला तयार होते. दोन हजारांत त्या माणसाने माझी बाकी सगळी गिऱ्हाइकं विकत घेतली, असा त्याचा अर्थ.

शुक्रवारी अकराचे दोन झाले, दोनाचे पाच. फोन केला की ‘निघालोच काका’. आले तेव्हा साडेसहा होऊन गेले होते. तिघं होते. हा मराठी बोलणारा, एक सुतारासारखा, हातात पान्यांची पिशवी असलेला, आणि तिसरा गप्प, कपाळाला आठ्या. हिने सवयीने चहा टाकला. पोहेही केले, वर इंदुरी जिरावण मसाला भुरभुरून. खाऊन झाल्यावर तो गप्प माणूस उठला, पलंगाच्या कडेवर बोटाने टकटक केली आणि म्हणाला, “ये सागौन नहीं है.”

तिथून जे सुरू झालं ते पावणेदोन तास चाललं. पलंग सागवानी नाही, वरून नुसता पापुद्रा आहे. टेबलाच्या पायाला वाळवी आहे (तो भुसा वाळवीचा नव्हता, सुताराच्या पिशवीतून पडला असणार, पण हे मला रात्री सुचलं). कपाटाचं दार घासतंय. फ्रिजचं तर विचारूच नका. न्यायचाय म्हणून मी तो सकाळीच बंद करून, बर्फ काढून, पुसून ठेवला होता. गप्प माणसाने आत हात घातला आणि जाहीर केलं, गैस गई. मी बटण लावलं, कॉम्प्रेसर सुरू झाला, पण रिकामा फ्रिज पाच मिनिटांत गार होतो थोडाच? जुना फ्रिज विकायचा असेल तर घेणारा येऊन बघून जाईपर्यंत चालू ठेवा, आत पाण्याची बाटली गार असू द्या. माझ्या चांगल्या फ्रिजवर माझ्याच टापटिपीने पाणी फिरवलं.

मराठी बोलणारा या सगळ्यात माझ्या बाजूने होता. त्या दोघांना दटावत होता, “काका को परेशान मत करो.” मग बाजूला येऊन हळूच मला म्हणायचा, “काका, पार्टनरचे पैसे आहेत, मी काय करू, ४० मध्ये मनवतो त्याला.” मी ४८ वर अडलो होतो. तेवढ्यात आतून ठोकाठोकीचा आवाज आला. भाव ठरला नव्हता आणि सुताराने पलंग सोडवायला घेतला होता. मी ओरडलो. “खोलना तो पड़ेगा ही अंकल,” तो म्हणाला. एका बाजूचे नटबोल्ट वर्तमानपत्रावर पडले होते, एक फळी भिंतीला टेकवलेली. उभा असेपर्यंत तो आमचा पलंग होता. सुटा झाल्यावर खोलीभर पसरलेली लाकडं झाली, आणि बारा तासांनी ट्रक येणार होता.

४० वरून ३६. मग कुठल्या तरी ‘शेठ’ला स्पीकरवर फोन लावला, त्याने त्यांनाच झापलं, सोडून या म्हणाला. तिघंही दारापर्यंत गेले. मीच थांबवलं. हे लिहितानाही कान गरम होतात. ३१,५०० वर आलो आम्ही.

आणि मग त्याची नजर कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवर गेली. ते विकायला काढलेलंच नव्हतं. हिच्या आईचं, पायाने चालवायचं, लोखंडी पायांचं. पुण्याला न्यायचं म्हणून हिने चादरीत गुंडाळून ठेवलं होतं. “काका, हे वरून टाका, म्हणजे पार्टनर पण खूश. डन?” ही स्वयंपाकघरात कपबशा धूत होती. मी थकलो होतो, मला ती माणसं घराबाहेर हवी होती. मी ‘घेऊन जा’ म्हटलं. हिला विचारलं नाही. पैशांचं म्हणाल तर मी विसरेन.

सामान खाली जाऊ लागलं. रोख देतो म्हणून खिशातून गड्डी काढली, मोजली, परत ठेवली. “लोडिंगवाल्याला कॅश द्यावी लागेल, तुम्हाला यूपीआय करतो.” टोकन वजा जाता २९,५०० व्हायचे. त्याने माझ्यासमोर नंबर टाकला, रक्कम टाकली, हिरवी खूण आली, बारा आकडी नंबर दिसला. माझ्या फोनवर टिंग वाजलं. चष्मा कपाळावर होता. ‘२९,५०० क्रेडिटेड’ एवढं दिसलं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन बॅलन्स बघावा असं एकदा मनात आलं, पण माणूस समोर उभा, नुकतेच पोहे खाल्लेले, हिच्या पाया पडून निघालेला. त्याच्यादेखत तपासायचं म्हणजे त्याच्या तोंडावर चोर म्हटल्यासारखं वाटलं.

रात्री दहाला बघितलं. खात्यात काहीच आलं नव्हतं. तो संदेश बँकेचा नव्हताच, साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला होता. बँकेच्या संदेशात पाठवणाऱ्याच्या जागी बँकेच्या नावाची अक्षरं असतात. खात्याचे शेवटचे आकडे हवेत तिथे नुसते एक्स होते. आणि ती हिरवी खूण? हवी ती रक्कम टाकली की हवी तशी खूण दाखवणारी खोटी अ‍ॅप्स असतात. त्याच्या फोनवर काय दिसतं याला काडीची किंमत नाही, हे मला सत्तेचाळीसाव्यांदा फोन ‘स्विच्ड ऑफ’ लागल्यावर उमगलं.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० ला फोन केला. पलीकडच्या मुलीने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमच्या खात्यातून किती गेले? काहीच नाही. या हेल्पलाइनचा मोठा उपयोग असा, की तुमचे पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते पुढे सरकण्याआधी अडवता येतात. म्हणून तासाभरात फोन करा म्हणतात. माझं गेलं होतं लाकूड आणि लोखंड. ते कुठल्या बँकेत अडवणार? तिने पोलीस ठाण्यात जायला सांगितलं.

सकाळी ट्रक भरता भरता मी ठाण्यात. हवालदार आधी म्हणाले, सामान तुम्हीच दिलंत ना हाताने? शेजारचे वकील बरोबर होते म्हणून बरं. भारतीय न्याय संहितेतलं कलम ३१८, पोटकलम ४, म्हणजे आपलं जुनं चारसोबीस. फसवून वस्तू हाताने द्यायला लावणं हाच तो गुन्हा, सात वर्षांपर्यंत शिक्षा. त्यांनी हे सांगितल्यावर अर्ज घेतला गेला. समोरच्या घराच्या कॅमेऱ्यात गाडीचा नंबर सापडला, एमपी ०९, म्हणजे इंदूरचीच. गाडीवाला भाड्याचा निघाला. त्याने सामान राऊ सर्कलला दुसऱ्या गाडीत चढवून दिलं होतं. त्यालाही भाडं मिळालं नव्हतं, त्यालाही तीच हिरवी खूण दाखवली होती.

घरात सगळ्यांना सांगितलं, निदान २,००० तरी खरे मिळाले.

जानेवारीत पुण्यात औषधं घेताना खात्यात शिल्लक दिसते त्यापेक्षा कमी वापरता येते असं लक्षात आलं. बरोबर २,००० होल्डवर. पुण्याच्या शाखेने मूळ शाखेत जा म्हटलं. इंदूरला आलो. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. दुसऱ्या राज्यातल्या कुणाची तरी तक्रार होती. त्याच्या खात्यातून चोरलेले पैसे जिथे जिथे फिरले तिथे तिथे अडवले होते. ‘साल्याच्या फोनवरून’ आलेलं माझं टोकन त्याच पैशांतलं. म्हणजे त्या तक्रारीत मी संशयितांच्या रांगेत.

“तुम्ही वस्तू विकली त्याचे पैसे आले, असं लिहून द्या,” बाई म्हणाल्या. “सोबत विक्रीची पावती, घेणाऱ्याचं नाव, सही, ओळखपत्राची प्रत. ते तिकडच्या सायबर सेलला पाठवावं लागतं. त्यांनी सोडा म्हटलं की सुटेल.”

पावती कुठली? मी ठाण्यातल्या अर्जाची पोच पुढे केली आणि फोनमधून त्या जाहिरातीतला पलंगाचा फोटो काढून दाखवला. बाईंनी तो मोठा करून पाहिला.

“या कोपऱ्यातलं मशीनही विकलंत का?”