सॅक, पॅनिअर की बास्केट? सायकलने कामावर जाताना सामान कशात न्यायचं

पिशवी किती लिटरची घ्यायची, हा प्रश्न नंतरचा. आधी रोजचं सामान कुलूप आणि पाण्याच्या बाटलीसकट काट्यावर ठेवा. मग फ्रेमवर मागच्या चाकाच्या आसाजवळ आणि सीटखाली कॅरिअर बसवायला आटे पाडलेली भोकं आहेत का, ते बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

तीन-चार किलोपर्यंत सॅक उत्तम. सायकलला काही बसवावं लागत नाही, उतरलं की चालायला मोकळे. लॅपटॉपलाही हादरे कमी बसतात, कारण खड्ड्याचा धक्का आधी गुडघे आणि कंबर झेलतात. त्यापुढे मात्र वजन तळहात आणि बुडावर येतं, शिवाय पाठ भिजते. जाळीची पाठ असलेली सॅक घाम कमी करते, थांबवत नाही. छातीवरचा पट्टा हवाच, नाहीतर मागे वळून बघताना सॅक एका बाजूला घसरते. उंच सॅक वाकल्यावर हेल्मेटला मागून ढकलते आणि हेल्मेट डोळ्यांवर येतं. म्हणून दुकानात आरशासमोर उभं राहून नव्हे, हेल्मेट घालून, सायकलवर बसल्यासारखं वाकून बघा. एका खांद्यावरची पिशवी पेडल मारताना पोटावर येते. ती तिसऱ्या, कमरेच्या पट्ट्याशिवाय घेऊच नये.

पाच किलोच्या वर रोजचं ओझं असेल तर आमचं मत सरळ पॅनिअरच्या बाजूने. पॅनिअर म्हणजे कॅरिअरच्या कडेला हुकांनी लटकणारी पिशवी. वजन चाकाशेजारी खाली राहतं आणि पाठ मोकळी. पण खरी परीक्षा कॅरिअरची असते. फ्रेमला बोल्टने बसणाऱ्या कॅरिअरवर बहुधा २५ किलोची मर्यादा छापलेली असते. ते बोल्ट साधारण एम-५ मापाचे, ४ मिलिमीटरच्या ॲलन कीने आवळायचे. जवळपास सगळं वजन खालच्या दोन बोल्टवर येतं आणि हादऱ्यांनी तेच ढिले पडतात. आट्यांवर निळं थ्रेडलॉकर (बोल्ट ढिले पडू नयेत म्हणून लावायचा डिंकासारखा द्रव) लावा आणि पहिल्या आठवड्यानंतर पुन्हा तपासा.

पॅनिअर खडखडत असेल तर दोष बहुतेकदा हुकांचा असतो. कॅरिअरचा पाइप बारीक आणि हुक रुंद. सोबत आलेले प्लास्टिकचे तुकडे हुकात बसवले की आवाज जातो आणि खड्ड्यात पिशवी उडतही नाही. खालचा हुक कॅरिअरच्या उभ्या दांडीमागे अडकायला हवा, तो नसेल तर वळणावर पिशवी बाहेर झुलते. दुसरी तक्रार टाचेची. रोजचे बूट घालून बसा, पेडल उलटं फिरवा. टाच आणि पिशवीत दोन बोटांचं अंतर राहत नसेल तर हुक सरकवून पिशवी मागे न्या. फ्रेम लहान, पाय मोठे असतील तर हे जमेलच असं नाही. अशा वेळी पुढचा खालचा कोपरा तिरका कापलेली पिशवी शोधावी.

एकच पॅनिअर लावलं तरी चालवताना फारसा फरक जाणवत नाही, स्टँडवर लावताना जाणवतो. स्टँडच्या बाजूला ओझं असेल तर मऊ जमिनीत सायकल हमखास आडवी होते. पावसासाठी तोंड गुंडाळून बंद होणारी पिशवी घ्या, पण किमान तीन वळसे द्या. एका वळशात पाणी आत शिरतं.

फ्रेमला भोकं नसतील तर सीटच्या दांड्याला चिमटा मारून बसणारं कॅरिअर मिळतं. त्याची मर्यादा दहा किलोच्या आसपास. त्यावर पेटीसारखी बॅग ठीक. पॅनिअर लटकवलं तर पिशवी आऱ्यांत जाऊ शकते, बाजूच्या दांड्या असतील तरच लावा. दांडा कार्बनचा असेल तर हा विचार सोडा.

बास्केट टाकाउचलीला सोयीची, पण वजन हँडलसोबत वळतं. थांबल्यावर चाक गर्रकन फिरून सायकल पडते ती यामुळेच. नुसत्या हँडलवर लटकणारी असेल तर दोन-तीन किलोच ठेवा. आसापर्यंत दांड्या टेकणारी जास्त पेलते. बसवताना ब्रेकची वायर दुमडत नाही ना आणि पुढचा दिवा झाकला जात नाही ना, हे बघा. वर जाळी लावा.

मागचा दिवा सीटच्या दांड्यावर असेल तर तोही कॅरिअरवरच्या बॅगेमागे लपतो. बऱ्याच कॅरिअरच्या मागच्या पट्टीला ५० किंवा ८० मिलिमीटर अंतराची दोन भोकं असतात, ती दिव्यासाठीच.