एसक्यूएल सर्व्हरचे यूजर-डिफाइन्ड टाइप: नऊ महिने वापरल्यावर

आमचं ऑफिस कर्वेनगरला, माणसं सात, काम पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरचं. नऊ महिन्यांपूर्वी मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवरचा डेटाबेस नव्याने मांडायला घेतला, तेव्हा सभासदाचं नाव एका टेबलात 50 लांबीचं, कर्जाच्या टेबलात 40 आणि जामीनदाराच्या टेबलात चक्क व्हारकार (युनिकोड नसलेला मजकुराचा टाइप) निघालं. म्हणजे मराठी नाव तिथे गेलं की नुसती प्रश्नचिन्हं! मग नाव, मोबाइल, पिनकोड, पॅन, रक्कम यांचे 'क्रिएट टाइप'ने स्वतःचे टाइप केले, म्हणजे मूळ टाइप आणि लांबी यांना मिळून आपलं एक नाव दिलं, आणि सगळीकडे तेच लावले.

पहिले काही महिने मजेत गेले. नवीन पोरगा टेबल करायला बसला तरी रकमेला दशांश किती, हे विचारायला उठत नव्हता.

मग एका संस्थेतून फोन आला, "सर, वारसदाराचं नाव पूर्ण घेतच नाहीये." नावाचा टाइप आम्ही एनव्हारकार (युनिकोड मजकूर) 60 चा केला होता आणि 60 म्हणजे भरपूर असं मीच म्हणालो होतो. पण 'ज्ञानेश्वर' दिसायला चार अक्षरं असला तरी कॉलममध्ये 10 जागा खातो; काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. त्यात वडिलांचं नाव, आडनाव आणि कंसात 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) आलं की संपलंच.

आता 60 चे 120 करायचे, तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'ऑल्टर टाइप' नाहीच. आणि एकही कॉलम किंवा प्रोसीजर (डेटाबेसमध्ये साठवलेला कोड) तो टाइप वापरत असेल तोवर तो ड्रॉपही होत नाही, म्हणजे काढून टाकता येत नाही. शेवटी जुन्या टाइपचं नाव बदललं, नवा केला, एकेक कॉलम ऑल्टर केला, मग प्रोसीजर रिफ्रेश. शनिवार-रविवार गेला. साधा एनव्हारकार असता तरी कॉलम आणि प्रोसीजरमधली लांबी बदलावीच लागली असती म्हणा, पण टाइपचं नाव बदलण्याचा आणि रिफ्रेशचा घोळ वाचला असता.

दुसरा फटका टेम्प टेबलचा, म्हणजे तात्पुरत्या टेबलांचा. ती टेम्पडीबी या सर्व्हरच्या तात्पुरत्या डेटाबेसमध्ये बनतात आणि आपला टाइप तिथे नसतो. एकाने तो तिथे करून ठेवला, रिपोर्ट चालला, विषय संपला. गुरुवारी लाइट गेली, यूपीएसने मान टाकली, सर्व्हर परत सुरू झाला तो कोऱ्या टेम्पडीबीसकट. सकाळी रिपोर्ट बंद! टाइप मॉडेल डेटाबेसमध्ये (नव्या डेटाबेसचा साचा) टाकला तर दर रीस्टार्टला आपोआप येतो, पण प्रत्येक ग्राहकाच्या सर्व्हरवर हे कोण लक्षात ठेवणार? टेम्प टेबलात आम्ही आता मूळ टाइपच लिहितो.

शिवाय हा टाइप राखणदार नाही. मोबाइलच्या कॉलममध्ये दहा वेळा 'अ' लिहा, निमूट घेतो. चेक (कोणती किंमत चालेल ही अट) प्रत्येक टेबलात वेगळा लावावा लागतो. टाइपला जुने 'रूल' (अशाच अटी) बांधता येतात, पण मायक्रोसॉफ्टच ते वापरू नका म्हणतं. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये असाच 'डोमेन' असतो, त्यात चेक आतच बसतो, तिथे मी डोळे मिटून वापरेन.

इथे पिनकोड आणि पॅनचे टाइप ठेवलेत, कारण त्यांची 6 आणि 10 ही लांबी उद्या बदलणार नाही. नावाचा टाइप पुढच्या आवृत्तीत काढतोय.