लुमी: रेंज नसलेल्या काजू कारखान्यातही चालतं, पण गुणांचं काय?

एमएमएस-एमबीएला मनुष्यबळ विषय घेऊन सिंधुदुर्गातल्या काजू कारखान्यात प्रोजेक्ट करायचा, तर ‘प्रशिक्षणाची परिणामकारकता’ हे शीर्षक, वीस प्रश्नांची प्रश्नावली, चार पाय चार्ट आणि ‘कामगार समाधानी आहेत’ हा निष्कर्ष, अशी वाट मळलेली आहे. त्यापेक्षा एक छोटं प्रशिक्षण स्वतः बांधून त्याचा परिणाम मोजावा. त्या कामाला लुमी हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे. एच५पी पद्धतीचे (म्हणजे ब्राउझरमध्ये सोडवता येणारे) प्रश्न, चित्रं आणि मधेच थांबून प्रश्न विचारणारा व्हिडिओ ते लॅपटॉपवर तयार करतं आणि सगळं एकाच एचटीएमएल फाइलमध्ये भरून देतं. ही फाइल नेटशिवाय उघडते. वेंगुर्ला-सावंतवाडीच्या आतल्या वाड्यांत एवढा एक गुणही पुरेसा आहे.

मात्र पहिल्यांदा प्रत्येक प्रश्नप्रकार उतरवून घ्यायला नेट लागतं. बहुपर्यायी, रिकाम्या जागा, ओढा-आणि-ठेवा, इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ एवढे घरीच उतरवा आणि मग कारखान्यात जा. यूट्यूबची लिंक टाकू नका, ती तिथे उघडणार नाही. एमपी४ फाइलच घाला. फोनवर १०८०पीमध्ये काढलेला एक मिनिटाचा व्हिडिओ सहज शंभर एमबीच्या पुढे जातो, आणि फाइलमध्ये भरताना त्याचा आकार आणखी सुमारे एक तृतीयांश वाढतो. हँडब्रेक या व्हिडिओ लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो ४८०पीवर आणा, एकेक क्रिया दोन मिनिटांत संपवा आणि प्रत्येक क्रियेची वेगळी फाइल करा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि उघडताना क्रोम निवडायला सांगा. फोनमधल्या साध्या व्ह्यूअरमध्ये ती नीट चालत नाही.

व्हिडिओतली सर्वांत कामाची सोय म्हणजे उत्तर चुकलं की तो आपण ठरवलेल्या सेकंदाला मागे नेता येतो. टरफलातलं तेल कातडी भाजतं, म्हणून कटिंगला बसण्याआधी हातांची काय काळजी घ्यायची, हे शिकवायला ही सोय उत्तम.

प्रतवारीत मात्र सॉफ्टवेअरची मर्यादा उघडी पडते. डब्ल्यू-२४० म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त २४० अख्खे गर, म्हणजे एक गर साधारण १.९ ग्रॅमचा, डब्ल्यू-३२०चा गर १.४ ग्रॅमच्या आसपास. हा अर्ध्या ग्रॅमचा फरक पडद्यावर दिसतच नाही, कारण कडा कापून लावलेल्या फोटोत दोन्ही गर एकाच मापाचे होतात. सगळे फोटो एकाच उंचीवरून, आलेख कागदावर ठेवून काढले तर थोडं भागतं. तरी आकाराची प्रतवारी टेबलावर, खऱ्या गरांवरच शिकवावी. करपलेला, किडका, साल राहिलेला, पाकळी झालेला गर ओळखणं हे लुमीचं काम. कार्यविश्लेषण, म्हणजे कामातलं कोणतं कौशल्य कशाने शिकवायचं याचा विचार, न करता थेट स्लाइड बनवायला बसणाऱ्यांचा घोटाळा इथेच होतो.

मराठी नीट चालते, फक्त मजकूर युनिकोडमध्ये हवा. जुन्या फॉन्टमधून चिकटवलेल्या मजकुराची अक्षरं फुटतात. ‘चेक’, ‘रिट्राय’ वगैरे बटणांची नावं संपादकाच्या तळाशी असलेल्या भागात मराठीत करता येतात. रिकाम्या जागांत आकडा असेल तर *८/8* असं लिहा, म्हणजे दोन्ही अंक चालतात. किरकोळ शुद्धलेखन चुका मान्य करण्याचा पर्याय जपून वापरा. त्यात छोट्या शब्दातही एक अक्षरचिन्ह चुकलं तर माफ होतं आणि मात्राही वेगळं चिन्ह धरली जाते. ‘काजु’ चालेल हे ठीक, पण ‘किडका’च्या जागी ‘किडकी’सुद्धा चालून जाईल.

आता खरी अडचण. शेवटी गुणांचा पडदा येतो, पण ते वेगळे साठवले नाहीत तर फाइल बंद केली की गेले. प्रशिक्षण मोजण्याच्या कर्कपॅट्रिकच्या चार पातळ्या (१९५९: आवडलं का, शिकले का, कामात उतरलं का, फायदा झाला का) अहवालात लिहायच्या आणि पुरावा मात्र फक्त पहिल्या पातळीचा, म्हणजे ‘आवडलं का’ एवढाच, हे परीक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. म्हणून मोजमाप पडद्याबाहेर करा. १०० गरांचा ट्रे घ्या: ७० चांगले, १० करपलेले, १० किडके, १० साल राहिलेले. तो प्रत्येक कामगार बाईला निवडायला द्या आणि तिचे चुकलेले गर मोजा: प्रशिक्षणाआधी, लगेच नंतर आणि दोन आठवड्यांनी. दर वेळी ट्रे नवा, प्रमाण तेच. प्रशिक्षण न दिलेलं एक टेबलही सोबत मोजा, नाहीतर हंगामात हात बसल्यामुळे झालेली सुधारणा तुमच्या मॉड्यूलच्या नावावर जमा होईल. मजुरी किलोवर असेल तर या वेळेचे पैसे कोण देणार हे मालकाशी आधीच बोलून घ्या. बायकांचा रोज बुडवून घेतलेल्या चाचणीत घाईच मोजली जाते.

कॉलेजकडे मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीची ३.९ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर गुणांची सोय होते: एच५पी फाइल थेट चढवा, प्रत्येक प्रयत्नाची नोंद राहते. पण तिथे प्रत्येकीला लॉगिन आणि नेट हवं, म्हणजे पुन्हा रेंज शोधत सड्यावर चढणं आलं.

एचटीएमएल केलेली फाइल परत संपादकात उघडत नाही. मूळ एच५पी फाइल पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवा. गाइडने अहवाल जमा करण्याच्या आदल्या दिवशी एक प्रश्न बदलायला सांगितला तर तीच लागते.