ठाण्याच्या नौपाड्यातलं सुपरव्हायझर ट्रेनिंग: शिकवणं झकास, बाकी ठीकठाक

दहा वर्षं समाजकार्यात केसवर्क केलं, म्हणजे एकेका माणसाला, कुटुंबाला भेटून मदत करायची, आणि एक दिवस संस्थेत सांगितलं की आता नवीन एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) पोरांना तूच बघ, पण कसं बघायचं ते कोणी शिकवलंच नाही, म्हणून हे दोन दिवसांचं ट्रेनिंग लावलं.

सुपरव्हिजनची तीन कामं असतात, प्रशासन, शिकवणं आणि आधार देणं, आणि मी आजवर पहिलंच करत होते, रजिस्टर भरलं का, व्हिजिट किती झाल्या, संपलं. रोल-प्लेमध्ये एक नवीन वर्कर मुलगी पोक्सोची (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) केस घेऊन हादरून आलेली दाखवली, मी लगेच सल्ले सुरू, तर शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या थांब, आधी विचार तिला कसं वाटतंय. गप्पच झाले! पण २०१२ च्या त्या कायद्याच्या कलम १९ मध्ये पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथे सुपरव्हायझरने "बघू पुढच्या मीटिंगला" म्हणून चालत नाही, हेही स्पष्ट सांगितलं. आणि आधार द्यायचा म्हणजे आपल्याच वर्करची थेरपी करत बसायचं नाही, हे तर मला फारच लागू पडलं.

खटकलं ते म्हणजे सगळी उदाहरणं परदेशातली. कळव्याच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत सासू, दीर, शेजारीण सगळे ऐकत असताना इंटरव्ह्यू कसा घ्यायचा, ते नवीन पोरांना मी काय सांगू?

एसी बंद, चहा मात्र फक्कड. स्टेशनवरून चालत या, गोखले रोडला गाडी लावायला जागा मिळत नाही.